डायनिंगला जागा नाही म्हणून टेबलच हद्दपार?

मोजपट्टी
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं: "टू बीएचकेत डायनिंग टेबल म्हणजे जागेची नासाडी. भिंतीला फोल्डिंग फळी ठोका, नाहीतर सरळ खाली बसा, आपली संस्कृतीच आहे." खाली टाळ्याच टाळ्या. टेप एकानेही काढला नाही.

डायनिंग धरा ७ × ८ फुटांचं. ७ फूट म्हणजे ८४ इंच. ३० इंच रुंद टेबल, दोन्हीकडे खुर्ची सरकवून उठायला ३०-३० इंच, बेरीज ९०. बसत नाही, इथवर मान्य. आता एका बाजूच्या खुर्च्या काढून भिंतीलगत बाक करा. बैठक १६ इंच, पाठ २ इंच, टेबलाची कड बाकावर ३ इंच आलेली. टेबल भिंतीपासून ४५ इंचांवर संपतं. समोर खुर्चीला ३६ दिले तरी ८१. वर ३ इंच शिल्लक! लांबी ४ फूट, माणशी २४ इंच, चौघं आरामात.

चार कोपऱ्यांत चार पाय असलेलं टेबल मात्र बाकापुढे घेऊ नका, आत सरकताना गुडघे आपटतात. पाय आत घेतलेलं किंवा मधल्या खांबाचं घ्या. टेबल ३० इंच उंच, बैठक १८. दोन इंची गादी घालणार असाल तर बाकाची फळी १६ वरच थांबवा. सुतार १८ धरतो, वर गादी येते आणि मांड्या टेबलाला घासतात.

चौरंग
संस्कृतीचा टोमणा पोचला. पण जेवण अर्ध्या तासाचं, टेबल चोवीस तासांचं. सतरंजी गुंडाळली की तीच जागा मुलांच्या अभ्यासाला, इस्त्रीला, पाहुण्यांच्या गादीला. तुमच्या टेबलावर जेवण कमी आणि न घडी केलेले कपडेच जास्त असतात, हे प्रत्येक घरातलं सत्य आहे.

मोजपट्टी
@चौरंग, मांडी घालून बसायला २६ इंच, ताटाला १४. समोरासमोर बसलात तर ८०. उरले ४ इंच. वाढणारा कुठे उभा राहणार?

चौरंग
चार माणसांत वाढायला कोण फिरतंय? ताटं दोन-दोन इंच मागे घ्या, मधल्या जागेत भांडी येतात. पंगत आहे का लग्नाची?

फळीवाला
दोघंही टोकाला. १६ इंची फोल्डिंग ब्रॅकेटची जोडी, त्यावर १८ मिमी प्लाय, ४ फूट × १८ इंच. बंद केली की भिंतीपासून ३ इंच. वर १ मिमी लॅमिनेट, आणि खालून बॅलन्सिंगचं, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवणारं पातळ लॅमिनेट लावाच. खालची बाजू उघडी ठेवली की पावसाळ्यात फळी वाकते. पांढरा रंग नको, हळदीचा डाग जात नाही. झालं की काम, बाकाचा पसारा कशाला?

गिट्टी
आणि ती फळी तगणार कशावर? नवीन इमारतीत आतल्या भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या (सिपोरेक्स). कोणी कोपर टेकून उठला, कडेवर ४० किलो आले. फळी १८ इंच बाहेर, ब्रॅकेटचा उभा हात १० इंच, म्हणजे वरच्या स्क्रूंवर ७२ किलोची ओढ. दोन ब्रॅकेटांत वाटली तरी प्रत्येकी ३६. लोखंडी फास्टनर (आवळला की भोकात फुगणारा बोल्ट) तिथे फुगताना ब्लॉकच चुरडतो, स्क्रू धरायला भोकात ठोकायची लाल-पिवळी प्लास्टिकची साधी गिट्टी तर दिवाळीपर्यंत सैल होते.

फळीवाला
म्हणून लांब नायलॉन फ्रेम गिट्टी असते, १० × १०० मिमी. माहीत नसेल तर विचारायचं.

गिट्टी
४ इंची भिंतीत १०० मिमी? १२ मिमी प्लास्टर गेलं, ब्लॉकमध्ये ८८ गेली. पलीकडे ब्लॉकचे १२ आणि प्लास्टरचे १२ उरले. सुतार ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) चालू ठेवूनच भोक मारतो, बेडरूमकडचा पापुद्रा जमिनीवर! ८० मिमीची घ्या, हॅमर बंद ठेवून भोक पाडा, भुकटी फुंकून काढा. खात्रीच हवी तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी.

फळीवाला
बेडरूमच्या भिंतीत बोल्टचं डोकं? वा, काय सौंदर्यदृष्टी!

कार्पेट एरिया
भिंतींवरून आठवलं. मुळात ते डायनिंग नाहीच, किचनला जायचा पॅसेज आहे. ब्रोशरमधल्या खुर्च्या कायम टेबलाखाली पूर्ण ढकललेल्या, आणि फ्रिजचं दार कधीच उघडं नसतं. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, आतल्या पार्टिशन भिंतीही मोजल्या जातात. ज्या भिंतीत तुमची गिट्टी टिकत नाही, तिच्या जाडीचेही पैसे भरलेत. त्यावर कोणी धागा काढत नाही!

मोजपट्टी
@कार्पेट एरिया, तो धागा तुम्ही दर महिन्याला काढता.

गिट्टी
आधी भिंत ओळखा. ड्रिलची भुकटी लाल आली तर वीट, पांढुरकी आणि बिट पटकन आत गेला तर एएसी, बिट अडतो आणि राखाडी पूड येते तर काँक्रीट. मायवानवाल्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतलेल्या इमारतीत काँक्रीट असतं, तिथे १० मिमी फास्टनर बिनधास्त. सळई लागली तर भोक इंचभर सरकवा, सळई कापू नका. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली कधीच भोक नको, पाइप तिथूनच जातो.

फळीवाला
बरं बाबा, एएसी असेल तर फळीच्या बाहेरच्या कडेला बिजागरीवर आत दुमडणारा पाय लावतो. वजन जमिनीवर. आता समाधान?

गिट्टी
आता ठीक. हे पहिल्या प्रतिसादात लिहिलं असतं तर माझे तीन प्रतिसाद वाचले असते.

फळीवाला
तुमचे वाचले नसते, तुम्ही कारण शोधलंच असतं. @मोजपट्टी, बाकावर आत बसलेल्याला पाणी घ्यायला उठायचं असेल तर शेजाऱ्याने आधी उठायचं का? आणि बाकाखाली सामान ठेवायला वर उघडणारं झाकण करणार असाल तर तांदूळ काढायला दोघांना उठवा!

मोजपट्टी
झाकण करायचंच नाही. खण बाकाच्या अरुंद बाजूने ओढायचा, २४ इंची चॅनलवर (खण सरकायची लोखंडी पट्टी). समोरून ओढलात तर टेबलाच्या पायात अडतो. आणि खोली ८ फूट लांब, बाक ४ फुटी. दोन्ही टोकांना २-२ फूट मोकळे ठेवा, प्रत्येक जण आपापल्या बाजूने उतरतो. कोपऱ्यात घुसवलात तरच तुमची तक्रार खरी.

फळीवाला
म्हणजे खण ओढायला एक टोक रिकामंच हवं. तिथे फ्रिज आला की?

मोजपट्टी
मग खण दुसऱ्या टोकाला. फ्रिजचं दार ९० अंशांहून जास्त उघडलं नाही तर भाजीचा ट्रे बाहेर येत नाही, हे मात्र आधी मोजा. बाकाची पाठ दाराच्या आड येऊ देऊ नका.

चौरंग
गुडघे दुखणाऱ्या आजोबांना बाकावर सरकायला सांगणार का?

मोजपट्टी
त्यांना हातांची खुर्ची, समोरच्या बाजूला. बाक नको, जमीन तर नकोच.

चौरंग
जमिनीचा विषय ८० इंचांवर संपला होता ना?