शब्दचर्चा (बोलणाऱ्यांची ओळख गावाच्या नावानं): अंडाशयाचा कॅन्सर ‘पसरतो’ की ‘रुजतो’?

निपाणी: बायकांच्या आरोग्य शिबिरासाठी मराठी-कन्नड पत्रक तयार होतंय. घोडं तीन ठिकाणी अडलंय. ओव्हरीला अंडाशय म्हणावं की बीजांडकोश? ‘पिशवी काढली’ या बोलण्याचं काय करायचं? आणि कॅन्सर ‘पसरतो’ एवढं लिहून भागतं का?

खानापूर: ‘अंडाशय’च घ्या, कन्नडमध्येही तोच शब्द चालतो. ‘कोश’ टाळा. कन्नडमधला ‘गर्भकोश’ म्हणजे गर्भाशय. त्याच्या शेजारी ‘बीजांडकोश’ आला की दोन्ही भाषा वाचणारी बाई दोन्ही एकच समजते.

‘पिशवी’ मात्र नीट फोड करून सांगा. पिशवी म्हणजे गर्भाशय. ती काढताना अंडाशय आणि नळ्या (बीजवाहिन्या) कधी काढतात, कधी ठेवतात. त्यामुळे ‘पिशवी काढली, आता काळजी नाही’ हे धरून चालू नये. डिस्चार्ज कार्ड बघायचं. ‘टीएएच’ म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलं. पुढे ‘बीएसओ’ असेल तर दोन्हीकडच्या नळ्या आणि अंडाशयही काढले. नुसतं ‘बीएस’ असेल तर नळ्या काढल्या, अंडाशय ठेवले.

‘ट्यूबेक्टॉमी’ही फसवा शब्द आहे. नाव नळी काढल्याचं, पण कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात नळी बांधून मधला तुकडा कापतात किंवा रिंग बसवतात. टोकाची झालर तशीच राहते. त्या झालरीचं महत्त्व बेळगावच्या मॅडमनी सांगावं.

बेळगाव (पॅथॉलॉजी): सगळ्यात जास्त आढळणारा आणि घातक प्रकार म्हणजे हाय-ग्रेड सीरस. त्याची सुरुवात बहुतेक वेळा अंडाशयात होतच नाही, बीजवाहिनीच्या झालरीत होते. दर महिन्याला बीज सुटताना फुटलेल्या पुटिकेतला, म्हणजे बीज वाढतं त्या फुग्यातला, द्रव या झालरीवर येतो. त्यातल्या क्रियाशील ऑक्सिजन-रेणूंनी पेशींच्या डीएनएला इजा होते. बीज सुटण्याच्या वेळा कमी झाल्या, म्हणजे बाळंतपणं, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या, तर धोका घटतो, त्यामागचं एक कारण हे मानतात.

पहिला मोठा बिघाड टीपी-५३ या जनुकात होतो. या प्रकारात जवळजवळ प्रत्येक गाठीत तो सापडतो. डीएनए बिघडला तर पेशीला थांबवणं हे त्याचं काम. ते बंद पडलं आणि जोडीला बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांची दुरुस्तीही नसेल, तर गुणसूत्रांचे तुकडे पडत जातात, चुका साठत जातात. मग झालरीच्या अस्तरातच कॅन्सरच्या पेशींचा पातळ थर तयार होतो. आम्ही त्याला ‘स्टिक’ म्हणतो. सोनोग्राफीत तो दिसत नाही.

प्रयोगशाळेतसुद्धा तो निसटतो. नळीच्या मधल्या भागाचे एक-दोन आडवे काप घेतले आणि झालर तपासलीच नाही, की अहवालात ‘नळी निर्दोष’ असं येतं. नळी आधी काही तास फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची, नाहीतर हाताळताना अस्तर खरवडून जातं. मग झालर वेगळी करून उभी कापायची, बाकीच्या नळीचे २ ते ३ मिलिमीटरवर आडवे काप घ्यायचे, आणि सगळं तपासायचं. बीआरसीएचा दोष असलेल्या बाईची नळी असेल तर यात सवलत नाही.

निपाणी: मग ‘अंडाशयाचा कॅन्सर’ हे नावच बदलावं का?

बेळगाव (पॅथॉलॉजी): नाव राहू दे, लोकांच्या तोंडी तेच आहे. सगळे प्रकार नळीतून येतही नाहीत. एंडोमेट्रिऑइड आणि क्लिअर सेल हे बऱ्याचदा एंडोमेट्रिओसिसमधून, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं त्या आजारातून, येतात. पत्रकात ‘अंडाशय, नळी आणि उदरावरण (पोटाच्या आतलं अस्तर) यांचा कॅन्सर’ असं एकदा लिहा. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या २०१४ च्या वर्गीकरणातही तिघांच्या पायऱ्या (स्टेज) एकत्रच आहेत.

चिकोडी: तिसऱ्या प्रश्नावर माझं मत ‘रुजणे’. ‘पसरणे’ म्हटलं की तेलाच्या डागासारखं कडेकडेनं वाढणं डोळ्यापुढे येतं. इथे पेशी सुटतात, पोटातल्या द्रवात तरंगतात, दूर जाऊन चिकटतात आणि तिथे वाढतात. एकट्या सुटलेल्या पेशी बऱ्याच मरतात. पुंजक्यानं सुटलेल्या तग धरतात, औषधालाही कमी दबतात.

वाटही ठरलेली असते. श्वासासोबत श्वासपटलाखाली दाब कमी होतो, त्यामुळे द्रव ओटीपोटातून मोठ्या आतड्याच्या उजव्या कडेनं वर, यकृत आणि श्वासपटल यांच्यामध्ये जातो. ओमेंटम म्हणजे आतड्यांवर लोंबणारा चरबीचा पडदा, तो या पेशींचं आवडतं ठिकाण. तिथल्या चरबीपेशींकडून मिळणारी मेदाम्लं त्या इंधन म्हणून वापरतात. चिकटायला मदत करतं ते सीए-१२५ (रक्ततपासणीत मोजतात ती खूण) असलेलं प्रथिन. उदरावरणावरच्या मेसोथेलिन या प्रथिनाला ते धरतं.

खानापूर: ‘रुजणे’ पटलं. ‘पेरणे’ नको, ते कुणीतरी केल्यासारखं वाटतं. मात्र चिकोडीच्या सरांनी काढलेल्या सीए-१२५ बद्दल स्पष्ट लिहा. ३५ च्या वर आलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा टीबी यांतही ते वाढतं. उलट पहिल्या पायरीतल्या जवळपास निम्म्या बायकांत ते नॉर्मल असतं.

निपाणी: वाक्य असं केलंय: ‘या कॅन्सरच्या पेशी सुटून पोटात इतरत्र रुजतात.’ सुईनं तपासणीचं काय लिहू?

बेळगाव (पॅथॉलॉजी): वाक्य चांगलं आहे. सुईबद्दल एवढंच: गाठ अंडाशयापुरतीच आहे असं वाटत असेल तर बाहेरून सुई घालत नाहीत, गाठ अख्खी काढतात. आवरण फुटून आतलं पोटात सांडलं तर पायरी ‘१ अ’ ची ‘१ क’ होते. रोग आधीच पोटभर रुजलेला असेल तर सुईनं तुकडा किंवा पोटातलं पाणी तपासायला घेतात.

चिकोडी: पाण्याला ‘जलोदर’ लिहा, कन्नडमध्येही तोच शब्द आहे. ते दोन कारणांनी साठतं: गाठीतल्या व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनामुळे बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, आणि श्वासपटलावरची निचऱ्याची लसिकाद्वारं पेशींनी बुजतात. यकृताच्या आजारात आणि टीबीतही जलोदर होतो, हे कंसात नको, त्याच ओळीत घ्या. लक्षण साध्या शब्दांत द्या: हातपाय वाळतात, पण परकराची नाडी पुरत नाही, दोन घासांत पोट भरतं. हे दोन-तीन आठवडे रोज होत असेल तर गॅसची गोळी घेत बसू नये, सोनोग्राफी करून घ्यावी.