रोज आठ पेले पाणी प्यायलाच हवे का? वृद्ध आईच्या संदर्भात प्रश्न

प्रश्न

नमस्कार. माझी आई ७६ वर्षांची असून तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात सकाळी अंथरुणातून उठताना तिला दोनदा भोवळ आली, आणि तपासणीनंतर डॉक्टरांनी शरीरात पाणी कमी पडत असल्याचे सांगितले. तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. उशाशी भरून ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तशीच असते, विचारले की, "तहानच लागत नाही, तर पिऊ कशाला?" असे ती म्हणते. याउलट माझा धाकटा भाऊ शरीरातील विषारी द्रव्ये धुऊन निघतात या समजुतीने दिवसाला पाच लिटर पाणी पितो आणि आईलाही तसाच आग्रह करतो. दिवसाला आठ पेल्यांच्या नियमाला खरोखर काही आधार आहे का? तहान नसताना आईला पाणी प्यायला लावणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते, पण त्यातील बराचसा भाग तयार अन्नातूनच मिळतो, हेही तिथेच नोंदवले होते. आठ पेल्यांचा नियम सांगताना हा दुसरा भाग कोणी सांगत नाही. हाइन्झ वाल्टिन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी २००२ साली या नियमामागचा पुरावा शोधला, तेव्हा निरोगी माणसाने एवढे पाणी प्यायलाच हवे असे दाखवणारा शास्त्रीय आधार त्यांना सापडला नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली स्त्रियांसाठी २ आणि पुरुषांसाठी २.५ लिटर हे प्रमाण दिले; तेही अन्न आणि सर्व पेये धरून, आणि बेताची हवा व बेताचे श्रम गृहीत धरून.

निरोगी प्रौढाला मोजून पाणी पिण्याची गरज सहसा पडत नाही, कारण रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतील हायपोथॅलॅमसला ते कळते, तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवून मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावते. मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर पडतो. बाकी सारे रक्तात परत जाते. उतारवयात मात्र ही व्यवस्था दोन्ही टोकांनी सैल होते, म्हणजे तहानेची जाणीव मंदावते आणि लघवी दाट करून पाणी वाचवण्याची मूत्रपिंडांची ताकदही घटते. आईचे म्हणणे हट्टाचे नाही. तिला खरोखरच तहान जाणवत नसणार. म्हणून तिच्या बाबतीत तहानेची वाट न पाहता ठरलेल्या वेळी थोडे थोडे पाणी देणे योग्य आहे. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा, आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. एक गोष्ट आईला हळुवारपणे विचारून पाहा: रात्री लघवीला उठावे लागते म्हणून ती पाणी टाळते का? पुष्कळ वृद्ध माणसे तसे करतात आणि संकोचाने सांगत नाहीत.

प्रतिसाद २

भावाच्या पाच लिटरविषयी. विषारी द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतातच. गरजेपेक्षा जास्त प्यायलेले पाणी केवळ फिकट लघवी होऊन निघून जाते. दिवसभरात विभागून प्यायलेले पाच लिटर पाणी धडधाकट माणसाला बहुधा सोसते, परंतु मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरच पाणी बाहेर टाकू शकतात, त्यामुळे थोड्या वेळात भरमसाट पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम पातळ होते. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम असे उतरलेले आढळले होते. सोडियम फार उतरले तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतते. वृद्धांमध्ये सोडियम आधीच सहज घसरते, म्हणून आईला असा आग्रह करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद ३

वरील मताला एक पुस्ती जोडतो. मला दोनदा मुतखडा झाला, आणि ती कळ ज्याने सोसली आहे तो पाण्याला कधीही कमी लेखणार नाही. मुतखडा होऊन गेलेल्यांसाठी जास्त पाणी हाच उपचाराचा भाग असतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात पाच वर्षांत भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, तर इतरांपैकी २७ टक्के लोकांना. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यास मला सांगितले आहे. भावाला तसा त्रास होऊन गेला असेल, तर त्याची सवय सरसकट चुकीची म्हणता येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. भावाला मुतखडा कधी झालेला नाही. त्याने आग्रह थांबवला आहे. आईला विचारले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून तिने सांगितले की अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडण्याच्या भीतीने ती दुपारी चारनंतर पाणी पीतच नाही. ही भीती ती किती दिवस एकटी बाळगत होती, या विचाराने फार वाईट वाटले. आता वाटेवर रात्रभर मंद दिवा लावतो. डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली आहे आणि पाण्यावर बंधन नसल्याचे सांगितले आहे, त्यामुळे उठल्यावर, प्रत्येक जेवणाआधी आणि दुपारी एकेक पेला पाणी मी स्वतः तिच्या हातात देतो. लघवीचा गडद पिवळा रंग चार दिवसांत फिकट झाला, आणि या आठवड्यात तिला एकदाही भोवळ आलेली नाही.