मदत हवी आहे: युंगफ्राउयोख एका दिवसात, दोघांसाठी

युंगफ्राउयोख म्हणजे स्वित्झर्लंडच्या आल्प्समधलं उंचावरचं रेल्वे स्टेशन. नवरा-बायको, मुक्काम तिथल्या इंटरलाकेन गावात. बेत असा: इंटरलाकेन ओस्टहून ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल, तिथून आयगर एक्सप्रेस रोपवेने १५ मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशन, पुढे बोगद्यातली दातेरी रुळांची गाडी. परत येताना वेंगेनमार्गे.

खरी अडचण उंचीची. दीड-दोन तासांत थेट ३,४५४ मीटर. तिथे हवा विरळ, डोकं जड होतं, जिन्यावर धाप लागते. आयगरग्लेचरला (२,३२० मीटर) तासभर थांबलं तर खरंच फरक पडतो का? की वर हळू चालणं आणि पाणी पिणं पुरे?

दुसरं, भाडं. स्विस ट्रॅव्हल पास (ठरावीक दिवस हवा तितका प्रवास करता येणारा पास) ग्रिंडेलवाल्डपर्यंत पूर्ण चालतो, वर फक्त २५ टक्के सूट. हाफ फेअर कार्डावर (निम्म्या भाड्याचं सवलत कार्ड) ५० टक्के. तीन दिवसांच्या मुक्कामात कोणतं परवडेल?

ढग असले तर वर नुसती पांढरी भिंत (पैसे पाण्यात!), म्हणून सकाळी वेबकॅम बघूनच तिकीट काढणार. जूनमध्ये पहिल्या गाड्यांत ऐनवेळी जागा मिळते का?