बडोद्याचा रॅपर गोष्टी सांगायला लागला. वाढला की बिघडला?

रावपुरेकर (मूळ पोस्ट)
दांडिया बाजारातल्या एका मुलाचं मराठी रॅप आम्ही काही जण पहिल्यापासून ऐकतोय. नाव टाकत नाही, इथे लगेच कोणाचा तरी मावसभाऊ निघतो. लेबल नाही, मॅनेजर नाही. घरच्या खोलीत रेकॉर्ड करतो आणि स्वतःच चढवतो. सुरुवातीची गाणी म्हणजे 'मी', 'माझा एरिया' आणि जळणाऱ्यांना दोन शिव्या. आताचा ट्रॅक ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्री नदीच्या पुरावर आहे. पाच मिनिटं, हुक नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी, डोक्यात बसणारी ओळ नाही. पाणी चढतंय आणि आजी काय काय माळ्यावर टाकायला सांगते, एवढंच. आधी पापडांचे डबे, मग रेशनकार्ड, मग टीव्ही. खाली राहते स्कूटर, तिचे हप्ते अजून चालू. नदीतली मगर एकदाच येते, तीही शेजाऱ्याच्या मोबाइलवर. दुसऱ्या कोणी मगरीवरच अख्खं गाणं केलं असतं. काय गाळायचं ते या पोराला कळायला लागलंय, आणि माझ्या मते वाढ म्हणतात ती हीच. आमच्या ग्रुपवर मात्र अर्धे म्हणतात, बिघडला. बोला.

फतेहगंज_बेस
बिघडला नाही, रटाळ झाला. 90 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत, चार-चार मात्रांचे सोळा बार म्हणजे जेमतेम 43 सेकंद, आणि तेवढ्यात याचे पापडच चढतात. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम धरतात, आणि 2024 पासून वर्षभरात 1000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्या ट्रॅकचा पैसाच नाही. लेबल नसलेल्या पोराने हा हिशोब करायचा नाही तर कोणी? जुन्या गाण्यांवर कॉलेजची पोरं नाचायची. यावर काय करायचं, मांडी घालून बसायचं?

तबल्याची_शाई
दोघंही शब्दांवरच अडलात, जरा ताल ऐका. आधी हा प्रत्येक ओळ चौथ्या मात्रेवर आपटायचा, यमकही तिथेच, त्यामुळे पुढचा शब्द आपल्याला आधीच कळायचा. आता वाक्य बार ओलांडून जातं आणि यमक मधेच कुठेतरी सापडतं. पाणी उंबऱ्यावर येतं तिथे बीट पूर्ण बंद, चार मात्रा मोकळ्या, आणि हा पठ्ठ्या समेच्या अर्धी मात्रा आधी उठतो. हे रियाजाशिवाय येत नाही. तिसऱ्या वर्समधल्या डबल टाइममध्ये, म्हणजे दुप्पट वेगात, मात्र दम तुटतो, जोडाक्षरं गिळतो. 1886 पासून गायनशाळा असलेल्या गावात कोणी याला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवू नये?

भाड्याची_बीट
कुठली वाढ? बीट, म्हणजे मागचं तयार संगीत, ऑनलाइन लीजवर, भाड्याने घेतलेली आहे. त्याच बीटवर आणखी दोघांचे ट्रॅक मी ऐकलेत, एक तर ब्रेकअपचा. पुराच्या गोष्टीखाली ब्रेकअपचा पियानो! आधी स्वतःचा प्रोड्यूसर धर म्हणावं. आणि आयपीआरएसमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थेत, नाव नोंदव. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीतला हक्क कंपनीला लिहून देता येत नाही, पण नोंदच नसेल तर वसूल कोण करणार?

रावपुरेकर
बीटचं मान्य. पण @फतेहगंज_बेस, मांडी घालून बसायची सवय या गावाला आहे की. सतराव्या शतकातला गुजराती कवी प्रेमानंद आपल्याच बडोद्याचा. तांब्याच्या माणेवर, म्हणजे घागरीवर, बोटांतल्या अंगठ्यांनी ठेका धरून आख्यानं सांगायचा, आणि पोट त्यावरच.

फतेहगंज_बेस
बरं झालं प्रेमानंद काढलात. त्याच्या आख्यानातल्या कडव्याची रचना आठवते? सुरुवातीला मुखबंध, मधे गोष्ट सांगणारा ढाळ, शेवटी वलण. वलण झालेलं आवरतं घेतं आणि ऐकणाऱ्याला पुढच्या कडव्यात ढकलतं. मग ते हुकचंच काम झालं ना? पोट आख्यानावर असलेला माणूस तीनशे वर्षांपूर्वी समोरच्याला धरून ठेवायची सोय करत होता, आणि आमच्या पोराला हुक म्हटलं की विकलो गेलो असं वाटतं.

तबल्याची_शाई
हा मुद्दा चोख आहे. आजीचं 'अजून काय राहिलं?' चार वेळा येतं, तेच जरा सुरात धरलं असतं तरी भागलं असतं.

मांजलपूरची_सून
तुमचं हुक-बिक चालू द्या. ती आजी खरी आहे, आमच्या ओळखीतली. तिच्या घरचे किती हप्ते राहिलेत ते आता अख्ख्या बडोद्याला पाठ झालंय. विचारलं होतं का त्याने?

रावपुरेकर
लाइव्हमध्ये त्याने सांगितलं होतं, आजींना आधी ऐकवलं म्हणून. रेशनकार्ड टीव्हीच्या आधी, ही दुरुस्ती त्यांचीच.

मांजलपूरची_सून
आजींना ऐकवलं असेल. स्कूटर सुनेच्या नावावर आहे. हप्ते ती भरते. गाणं तिने ऑफिसात कोणाच्या तरी फोनवर ऐकलं.

रावपुरेकर
हे माहीत नव्हतं. पण स्कूटर काढली तर गाण्यात राहतं काय? नुसती सामानाची यादी.

मांजलपूरची_सून
स्कूटर काढा कोण म्हणतंय? हप्त्यांचा आकडा आणि गल्लीचं नाव काढ म्हणावं. ट्रॅक त्याने स्वतःच चढवलाय ना, मग बदलून पुन्हा चढवायला कोणाची परवानगी लागते? लेबल नसल्याचा एवढा तरी फायदा होऊ दे.

फतेहगंज_बेस
पुन्हा चढवतोच आहे तर हुकही टाक म्हणावं.