मदत हवी आहे: डाळमिलच्या हिशोबात कार्बन कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलचे हिशोब मी बघतो. आमची तूरडाळ उचलणाऱ्या मोठ्या लिस्टेड कंपनीने एक एक्सेल पाठवलीय. वर्षभरात वीज किती युनिट, डिझेल किती लिटर, कचरा किती आणि त्याचं केलं काय? सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर अहवाल (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, त्यात कार्बन उत्सर्जनही येतं) सक्तीचा केला, त्याचं शेपूट आता आमच्यापर्यंत आलंय. शेठ म्हणे, "हाई काय नवीन शे भो? जीएसटी कमी पडना का?" सल्लागाराची फी ऐकून तर त्यांनी फोनच ठेवला.

टॅलीत सगळं रुपयांत आहे. डिझेल 'जनरेटर खर्च'मध्ये टाकतो, लिटर कुठेच नाहीत. पंपाच्या पावत्या काढल्या तर निम्म्यांवरची शाई उडालेली. विजेचं त्याहून त्रांगडं. छतावर सोलर, नेट मीटरिंग (उरलेली वीज महावितरणच्या ग्रीडला जाते). महावितरणच्या बिलात आयात-निर्यात युनिट वेगळे दिसतात, पैसे मात्र निव्वळ युनिटचे. मग लिहू कोणते?

चुनी-टरफल (डाळीचा चुरा आणि साल) आम्ही गुरांच्या खाद्याला विकतो, ते 'कचरा' रकान्यात टाकायचं का? शिवाय तूर तेलपाणी लावून अंगणात वाळते. त्या उन्हाचं बिल कुठून आणू?

पुढच्या वर्षी हीच धावपळ नको, म्हणून बिल टाकतानाच हे आकडे टॅलीत कसे येतील तेही सांगा.

प्रतिसाद:

दादा, आयातीचेच युनिट धरा. त्यातून निर्यात वजा करायची नाही, ती वेगळी दाखवा. इन्व्हर्टरच्या ॲपवर सोलरचं एकूण उत्पादन मिळेल, त्यातून निर्यात काढली की उरलेली वीज तुम्ही वापरलेली. आयात युनिटला केंद्रीय वीज प्राधिकरणाचा गुणक लावा, २०२३-२४ साठी युनिटमागे साधारण ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेलला लिटरमागे २.७ किलोच्या आसपास.

चुनी उपउत्पादन आहे, कचरा नव्हे. कचऱ्यात फाटका बारदाना येईल. जनरेटरचं जळकं ऑइल मात्र घातक कचऱ्यात, ते विसरू नका. उन्हाचं काही लिहायचं नाही :)

टॅलीत डिझेलचा स्टॉक आयटम करा, एकक लिटर. विजेच्या व्हाउचरला नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या टिपेत) दर महिन्याला एकाच पद्धतीने युनिट लिहा, मार्चमध्ये एक्सेलला काढून बेरीज होते. आणि पंपावर उधारी खातं असेल तर पंपवाल्याकडून वर्षाचा उतारा मागा, लिटर त्यात सापडतील.