मदत हवी आहे: बोटीच्या कर्जाला बँक तारण मागतेय

मंडळी, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात आमची छोटी बोट आहे, ३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपली पण वाऱ्यामुळे निम्मे दिवस बंदरातच गेले आणि खलाशांची उचल तर आधीच देऊन बसलोय, वर डिझेल-बर्फाची उधारी. किसान क्रेडिट कार्डावर दीड लाख मागितले तर बँक म्हणते घर तारण ठेवा (घर अजून आजोबांच्या नावावर, वारस अकरा!). १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत बिनतारण आहे ना? नोंदणी, परवाना, विमा सगळं चालू, जुनं कर्ज नाही. व्यापाऱ्याची उचल नकोय, मग मासळी त्याच्याच भावाने द्यावी लागते. शाखेत दोनदा गेलो, नकार तोंडीच. लेखी नकार कसा मागायचा, आणि तक्रार आधी लीड बँकेकडे (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणारी बँक) की मत्स्य विभागाकडे?