जुन्या डिझेल गाडीचा क्लच गेला आहे: पणजी, म्हापसा, डिचोली भागात कुठे आणि काय काय करून घ्यावे?

चोडणकर

मंडळी, सल्ला हवा आहे. 2012 ची डिझेल हॅचबॅक, 1248 सीसीचे मल्टिजेट इंजिन, रीडिंग 1,18,000. क्लच पहिल्यापासूनचा तोच, एकदाही उघडलेला नाही.

गेल्या रविवारी बेळगावला निघालो होतो. गाडीत पाचजण, डिकी भरलेली. केरी सोडून चोर्ल्याचा चढ लागला आणि चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसते ओरडायला लागले, गाडी काही वेग घेईना. तिसऱ्यात, दुसऱ्यात करत घाट चढलो. वर थांबलो तर जळका वास. सपाटीला एकटा असताना यातले काहीच जाणवत नाही. पण वर्षभर पॅडल अगदी वर आल्यावर गाडी पकडते, आणि दाबायलाही जड झाले आहे. रायबंदरला फेरीबोटीच्या रांगेत अर्धा तास काढला की डावा गुडघा ठणकतो.

दोन ठिकाणी विचारले. एकाने पूर्ण सेट आणि मजुरी धरून 16,500 सांगितले. दुसरा म्हणतो नुसती प्लेट टाकू, 7,000 त होईल, संध्याकाळी गाडी घेऊन जा. एवढा फरक कसा? घरचे म्हणतात विकून टाक. मला विकायची नाही, बाबांनी घेतलेली ही शेवटची गाडी. चवथीच्या आत रस्त्यावर यायला हवी.

डिचोलीवाला

आधी खात्री करून घ्या. सरळ, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40 च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेगाचा काटा मागेच राहिला तर क्लच सरकतो आहे. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलेत तर प्लेटवरचे उरलेले लायनिंगही (घर्षणाचा थर) जाईल. पॅडल केबलवर असेल तर केबल फार ताणलेली आहे का तेही बघून घ्या, कधीकधी तेवढ्यावर काम भागते.

फोंडेकर

मी आधी खाणीच्या ट्रकांवर आणि 2012 ला खाणी बंद पडल्यावर लहान गाड्यांवर काम केले. तुमची लक्षणे वाचून केबलपाशी थांबायची गरज वाटत नाही. प्लेट झिजली की तिला इंजिनच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची (गोल स्प्रिंगची) बोटे आपल्या जागेवरून कलतात, म्हणून पॅडल जड होते आणि क्लच वर पकडतो. जड पॅडल, वर पकडणे आणि चढावर सरकणे ही तिन्ही एकत्र आली म्हणजे आतला माल संपला.

आता 7,000 आणि 16,500 चे. या कामात खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची आणि परत चढवण्याची. प्लेट एक बदला नाहीतर सगळे बदला, ती मेहनत तेवढीच. नुसती प्लेट टाकली आणि सहा महिन्यांनी ती डायफ्रामची बोटे ढकलणारे रिलीज बेअरिंग ओरडायला लागले की तीच मजुरी पुन्हा द्यायची. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असून त्याचा स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत बसत असेल तर तोही त्याच वेळी.

सेटपेक्षाही सीलकडे लक्ष द्या, ही गोष्ट बहुतेकजण विसरतात. इंजिनच्या मागच्या बाजूला क्रँकचे ऑइल सील असते, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला दुसरे. चौदा-चौदा वर्षांचे रबर कडक होते आणि थेंब थेंब तेल आत पाझरते. ते तेल नव्या प्लेटवर पडले की नवी प्लेटही सरकणारच, मग लोक कंपनीला शिव्या देतात. गिअरबॉक्स खाली आला की मेकॅनिकला सांगा, मी येईपर्यंत काही बसवू नको, मला दाखव. बेल हाउसिंगमध्ये कोरडी काळी भुकटी असेल तर नुसती झीज. चिकट काळा लगदा असेल तर आधी सील.

फ्लायव्हीलवर बोट फिरवा. निळे डाग म्हणजे तापलेले, खाचा नखाला लागल्या तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यायचा. ड्युअल मास (दोन भागांचे) फ्लायव्हील असेल तर मात्र लेथवर नेऊ नका, त्याच्यात स्प्रिंगा असतात, प्ले (ढिलेपणा) मोजून चांगले की बाद ते ठरवतात, आणि बाद निघाले तर खर्च फार वाढतो. तुमच्या गाडीत कुठले आहे ते पार्टच्या दुकानात चेसिस नंबर देऊन आधीच विचारा. गाडी कुठली ते तुम्ही लिहिले नाही. हेच 1248 चे इंजिन स्विफ्टमध्ये आहे, इंडिका व्हिस्टात आहे, पुंटोतही आहे, पण गिअरबॉक्स वेगवेगळे, म्हणून क्लचचा सेट एकाचा दुसऱ्याला चालेल असे धरू नका.

आणि एक, रागावू नका. फेरीच्या धक्क्यावर, ओहोटीला उतार जास्त असतो तेव्हा, हाफ क्लचवर गाडी धरून उभे राहता ना? चोडण, दिवाडीच्या गाड्यांचे क्लच मी पुष्कळ उघडले आहेत. हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, पुढची गाडी हलली की मग गिअर टाका.

माशेलची

फोंडेकर काका म्हणतात ते मी भोगले आहे. माझ्या गाडीला एका गॅरेजने नुसती प्लेट टाकली, नाव लिहीत नाही. पाचव्या महिन्यात पॅडलवर पाय ठेवला की किर्रर्र आवाज, पाय काढला की बंद. रिलीज बेअरिंग. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, पुन्हा मजुरी दिली, आणि गाडी तीन दिवस बंद असताना मुलांच्या शाळेसाठी रोज रिक्षा. पूर्ण सेटच टाका.

म्हापसेकर

पार्टबद्दल थोडेसे. वॅलिओ, लूक, एक्सेडी यांपैकी जो तुमच्या मॉडेलला मिळेल तो घ्या, पण दुकानातून स्वतः बिल करून घ्या आणि खोका बंद असतानाच आणा. कोटेशन जुने असेल तर नवे मागा: 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. जुने पार्ट परत मागून घ्यायचे हेही आधीच सांगून ठेवा.

विकायचे म्हणाल तर, खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. तुमची 2027 पर्यंत आहे, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. दिल्लीचा दहा वर्षांचा डिझेलचा नियम इथे नाही. इंजिन ठीक असेल तर 16,500 साठी गाडी काढू नका, सरकत्या क्लचची गाडी विकायला गेलात तर घेणारा त्याहून जास्त पाडून मागेल.

मेकॅनिकचे नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. लेथ त्याच्या शेजारीच आहे, त्यामुळे फ्लायव्हील घेऊन पळापळ नाही.

चोडणकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झाले. म्हापसेकरांनी सांगितलेल्या ठिकाणीच दिली, सकाळी आठला गेलो आणि गिअरबॉक्स उतरला तेव्हा बाजूला उभा होतो.

प्लेट हातात घेतली तर लायनिंग रिव्हेटच्या डोक्यांना टेकलेले, आणि एका बाजूने ओले, काळे, चकचकीत. बेल हाउसिंगच्या तळाशी काकांनी लिहिला होता तसाच लगदा. क्रँकचे सील पाझरत होते. मी तिथे नसतो तर पुसून नवी प्लेट बसली असती, हे मेकॅनिकनेच कबूल केले. फ्लायव्हील साधे निघाले, तीन निळे डाग होते, फेसिंग करून घेतले. तिन्ही भाग, दोन्ही सील, गिअर ऑइल, फेसिंग, मजुरी धरून 18,200. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी मिळाली. पहिले 500 किलोमीटर जोर लावायचा नाही, ओझे घालायचे नाही असे सांगितले आहे, त्यामुळे गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान भावाच्या गाडीतून आणणार.

काका, आज सकाळी ओहोटी होती. धक्क्यावर हँडब्रेक लावून उभा राहिलो. मागच्याने दोनदा हॉर्न दिला, मी पुढची गाडी फेरीत चढेपर्यंत गिअर टाकला नाही.

फोंडेकर

छान झाले. 1,000 किलोमीटर झाले की गाडीखाली पुठ्ठा घालून रात्रभर ठेवा, सकाळी तेलाचा डाग आहे का बघा. असला तर फोटो टाका.